टपाच्या कडेतला पडदा

आमच्या मेस्त्रींना लोक गरीब स्वभावाचे म्हणतात. म्हणोत. त्यांच्याबरोबर संसार मी केलाय, लोकांनी नाही. माणूस गरीब-बिरीब काही नाही, चांगला हट्टी आहे. गाडीत बसल्यावर आपल्या डोक्यावर जे कापड ताणलेलं दिसतं ना, ते टपाचं अस्तर बदलायचं यांचं काम. चाळीस वर्षं तेच. लवू मेस्त्री म्हटलं की चिंचपोकळीपासून शिवडीपर्यंत कुठलाही जुना टॅक्सीवाला सांगेल, ह्या माणसानं लावलेला टप वाजत नाही.

हे शिकले शिवडीला, गोदामांच्या बाजूला कुशाबांचा कारखाना होता तिथं. वडलांची गिरणी बंद पडली तेव्हा हे सतरा वर्षांचे. कुशाबा तोंडाचा फाटका, पण हाताला सोनं. त्यांचं एकच सांगणं: पत्रा आणि कापड यांच्यात पोकळी राहिली की आधी आवाज शिरतो, मग ऊन शिरतं आणि शेवटी उंदीर शिरतो. त्यामुळे आमच्या ह्यांना पोकळी दिसली की चैनच पडत नाही. दिसली की भरायची. पत्र्याला चांदीच्या कागदाची डांबरी शीट रोलरनं चिकटवायची, तिच्यावर फोम, आणि कडेकोपऱ्यात नमदा कोंबायचा. पावसात ट्रंकेत घोंगडी ठेवतो तसला जाड, पिंजलेला नमदा.

आणि मी काय करायचे? शिलाई तर करायचेच. शिवाय माझे हात लहान. खिडक्यांच्या वर जिथं पत्रा आत वळतो तिथं पुरुषाचा पंजा जात नाही, माझा जातो. नमदा आत सारायचा आणि सुती पट्टीनं आवळून गाठ मारायची. कांताची गाठ सुटत नाही, असं मीच चार जणांत सांगायचे. मोठी हौस होती मला सांगायची.

गेल्या मे महिन्यात दादरचे अनिश म्हणून एक साहेब गाडी घेऊन आले. गाडी नवी, तीन वर्षांचीसुद्धा झाली नसेल. पण सोसायटीच्या आवारात उभी असताना उंदरानं टपात घर केलं होतं. अस्तराला भोक, आत सगळा भुगा, आणि वास असा की बाई गं, नाक धरायची पाळी! सोबत त्यांचे वडील होते, शरच्चंद्र नाना. कानात मशीन. म्हणाले, "मेस्त्री, हे यंत्र घातलं की गाडीचा आवाज डोक्यात घुमतो. काढलं तर नातीचं बोलणं ऐकू येत नाही. आवाज कमी होईल असं काहीतरी करा. आणि ऊनही."

आमचे हे खूश. इतक्या नव्या गाडीचा टप आमच्याकडे कधी आलाच नव्हता. आमच्याकडे येतात त्या टॅक्स्या, जुन्या गाड्या, शाळेच्या व्हॅन. नव्याचं अस्तर कोण कशाला काढील? पण उंदीर काय नवी-जुनी बघत नाही.

अस्तर खाली उतरवलं तर दोन्ही बाजूंना, खिडक्यांच्या बरोबर वर, पुढून मागपर्यंत काळ्या कापडाची एक लांब गुंडाळी. ओढणी पीळ देऊन ठेवावी तशी. मी हात लावला तर जराशी हलली.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

ह्यांनी चष्मा नाकावर घेतला, बोटानं दाबून बघितलं. "वायरी असतील."

"त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय."

"सगळ्यावर लिहिलेलं असतं. हलताहेत, म्हणजे वाजणार. बांध."

मी बांधलं. नमद्यात गुंडाळलं, वरच्या पत्र्याच्या भोकांतून पट्टी ओवली आणि सात गाठी ह्या बाजूला, सात त्या बाजूला. वरून ह्यांनी अस्तराची कड सोल्यूशन लावून पक्की चिकटवली. कंपनीची साधी क्लिप असते तिथं, पण क्लिपेनं फट राहते ना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी न्यायला सगळे आले. नाना आत बसले, अनिशनं बाहेरून टपावर थापटून बघितलं. नाना म्हणाले, "वा! देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटतंय." सुमेधा, म्हणजे सूनबाई, म्हणाल्या, आता गुहागरपर्यंत आरामात जाऊ, उद्या सकाळीच निघतोय. आणि त्यांची सात वर्षांची मनू मागच्या खिडकीशी बसून मला हात हलवत गेली. ह्यांची छाती त्या दिवशी दोन इंच वाढलेली. मी घरी कोळंबी केली.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास शेजारच्या निलेशच्या गॅरेजात एक गाडी ओढून आणली. एका कुशीवर चेपलेली. गल्लीत कोणाकडे तरी मिरच्या कांडायला घेतल्या होत्या, खकाणा उठला होता, जो तो शिंकत होता. तरी बघायला हीऽ गर्दी. आमचे हेही गेले. गाडी बघून परत आले तर तोंडावर रक्त नाही. कडाप्प्याचा ओटा धरून उभे राहिले.

"काय झाला हो?" मी विचारलं. घाबरले की मी माहेरच्या बोलण्यावर येते.

"तीच गाडी आहे," हे म्हणाले. "अनिशसाहेबांची नाय. तसलीच. कंपनी तीच."

"मग?"

"खिडक्यांवर पडदे लटकतायत गो. पांढरे. मी निलेशला विचारलं, हे पडदे कुठून आले? तो म्हणाला, टपाच्या कडेतून. धडक बसली की फुगून खाली येतात, डोकं काचेवर आपटू नये म्हणून. त्या पडद्यांमुळं चौघं वाचले म्हणाला."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. हाताच्या बोटांना कळलं आधी, खरं सांगते. त्या गुंडाळीचा मऊपणा बोटांना आठवला, तो आजतागायत गेलेला नाही. वायरी कसल्या डोंबलाच्या! तो पडदा होता, काळ्या कापडात गुंडाळलेला. आणि मी तो चौदा गाठींनी आवळून बांधला होता, वरून मेस्त्रींनी चिकटवून टाकला होता. पोर त्याच्याखाली बसून गुहागरला निघाली होती.

आता जे सांगते ते सांगायची मला लाज वाटते. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "गप्प बसा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं. "रोज हजार गाड्या जातात कोकणात. सगळ्यांना काय अपघात होतो? सोमवारी परत आले की काहीतरी निमित्त काढून गाडी बोलवा, गुपचूप सोडवू. आज बोललात तर चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल. पोलीस येतील. आणि गाठी कोणी मारल्या म्हणून विचारलं तर?"

हे स्टुलावर बसले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी मशीनवर बसले, एका शाळेच्या व्हॅनचं कव्हर शिवायला घेतलं, आणि टाका सरळ पडेना. समोर भिंतीवर घड्याळ. साडेसातला निघाले असतील, आता कुठं असतील? पनवेल? पेण? एखादा डंपर उलट्या बाजूनं येत असेल? प्रत्येक मिनिटाला मी त्या पोरीला एका वळणावरून पुढं नेत होते. माझ्याच्यानं मशीनचं चाक फिरवेना.

शेवटी ह्यांनी फोन लावला. आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"बोला मेस्त्री!" अनिशचा आवाज हसरा. "एकदम झकास काम झालंय. आत्ता पेण मागं टाकलं, वडखळला नाश्त्याला थांबतोय."

ह्यांचे ओठ हलले. मग म्हणाले, "बरं, बरं. सावकाश जावा." आणि फोन ठेवून दिला.

मी गप्प बसा म्हटलं होतं ना? मग तसंच झालं होतं. तरी माझं डोकं असं भडकलं की काय सांगू. "सावकाश जावा? सावकाश जावा म्हणे! अहो, जिभेला काय झालं? चाळीस वर्षं त्या पत्र्याशी बोलताय, माणसाशी बोलता येत नाही?"

"तूच म्हणालीस ना..."

"मी मेली म्हणाली! द्या इकडे."

फोन मी लावला. अनिशनं उचलला. मी एका श्वासात सांगितलं, थांबले असते तर सांगता आलं नसतं. "साहेब, मी कांता, मेस्त्रींची बायको. तुमच्या गाडीत खिडकीवर जो हवेचा पडदा असतो, अपघातात उघडतो तो, तो आम्ही बांधून टाकलाय. वायर समजून. दोन्ही बाजूंचा. तो उघडणार नाही. माझ्या हातानं बांधलाय. गाडी पुढं नेऊ नका, पोरीला घेऊन नेऊ नका. आम्ही येतो."

पलीकडून कपबश्यांचा आवाज येत होता, कोणीतरी दोन मिसळ म्हणून ओरडलं. मग अनिश अगदी हळू म्हणाला, "तुम्ही काय केलंय ते कळतंय का तुम्हाला?" आणि फोन बंद.

पुन्हा लावला, उचलेना. चार वेळा लावला. आता निराळीच भीती. हा रागानं तसाच पुढं गेला तर? किंवा मागं वळून पोरीसकट भरधाव मुंबईला निघाला तर? गाडीत बसायचंच नाही हे मी नीट सांगितलं होतं ना? काय सांगितलं तेही आठवेना. पाचव्यांदा लावणार तोच सुमेधाबाईंचा फोन आला. "आम्ही हॉटेलातच थांबलोय. या तुम्ही." एवढंच.

निलेशला सगळं सांगावं लागलं. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "काकी, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं!" मग ह्यांच्याकडे बघून गप्प झाला. पोरगा भला. हातातलं काम टाकलं, जुनी व्हॅन काढली. शिवडीवरून समुद्रावरच्या पुलानं निघालो. हे वाटभर पुटपुटत होते, रवळनाथाला गाऱ्हाणं घालत होते. पेणच्या अलीकडे रस्त्याकडेला माणसं जमलेली दिसली, मधे पांढरी गाडी. तशीच. "थांबव रे, थांबव!" मी ओरडले. निलेशनं व्हॅन हळू केली. पंक्चर काढत होते मेले, आणि बाजूला उभं राहून कलिंगड खात होते.

वडखळला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. हॉटेलच्या मागं झाडाखाली गाडी उभी होती, चारी दारं उघडी. मनू झोपाळ्यावर. आम्हाला बघून ती धावत यायला निघाली तर सुमेधाबाईंनी तिचा दंड धरला. बरोबरच केलं. मी त्यांच्या जागी असते तर आम्हाला दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या. नाना खुर्चीवर बसले होते. कानातलं मशीन काढून हातात घेतलेलं. ह्यांनी वाकून नमस्कार केला, तो त्यांनी पाहिला आणि मशीन मुठीत मिटलं.

निलेशनं आधी बॅटरीची वायर काढली. म्हणाला, "पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. आत दारू असते, काकी, फटाक्यासारखी. चुकून पेटली तर तोंडावर फुटेल. कात्री नाही, सुरी नाही, हिसका नाही. पडद्याला चरा जरी गेला तरी तो फुकट. आणि तोंड लांब ठेवा."

तोंड लांब ठेवून गाठ कशी दिसणार रे बाबा?

पंधरा मिनिटांनी मेस्त्री आत शिरले. प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून त्यांनी अस्तराची कड सोडवायला घेतली. स्वतःच चिकटवलेली. ती जाम सुटेना. ह्यांच्या कपाळावरचा घाम चष्म्यात. कापड फाटलं, फोमचे लचके निघाले. तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात चिंध्या झालं. कड मोकळी झाल्यावर ते बाहेर आले आणि माझ्याकडे बघितलं. पुढचं माझंच होतं.

मी सीटवर गुडघे टेकले आणि हात वर घातला. डोळे त्या गुंडाळीपासून वीतभर. पहिली गाठ नखानं धरली. ती हलेना. जिची मी फुशारकी मारायचे तीच गाठ. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मागं कोणीतरी व्हॅनचं दार आपटलं तर मी किंचाळले आणि डोकं पत्र्यावर आपटलं. वाटलं, फुटला. फुटला नव्हता. निलेश म्हणाला, "काकी, श्वास घ्या." मी घेतला. दोन नखं तुटली. तिसऱ्या गाठीला बोटातून रक्त आलं ते काळ्या कापडाला लागलं. मी मनात देवाला म्हणत होते, फोडायचाच असेल तर आता माझ्या तोंडावर फोड, पण जेव्हा लागेल तेव्हा त्या पोरीसाठी उघडू दे. चौदाच्या चौदा गाठी मी सोडवल्या. तास लागला. बाहेर आले तेव्हा सुमेधाबाईंनी धरून बसवलं आणि पाणी दिलं.

निलेशनं बॅटरी जोडली. समोर कुठला तरी लाल दिवा लागला आणि विझला. तो म्हणाला, हे चांगलं आहे.

"झालं?" अनिशनं विचारलं. ह्यांना विचारलं. "आता उघडेल ना?"

मला वाटलं हे हो म्हणतील. मेस्त्रींचा शब्द म्हणजे शब्द असतो. टॅक्सीवाले त्या शब्दावर डोळे मिटून गाडी घेऊन जातात. ह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"माहीत नाय, साहेब," हे म्हणाले. "गाठी सुटल्या. पण आवळून ठेवलेला होता, दाबलेला होता. आत काय झालंय ते मला कळत नाय. कालही कळत नव्हतं. कंपनीच्या माणसाकडूनच बघून घ्या. तोवर त्यात मुलीला बसवू नका."

नाना एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलले. कानात मशीन नव्हतं, तरी त्यांना काय ते कळलं असावं. "हे काल म्हणाला असतात तर," ते म्हणाले.

मग ठरलं. सुमेधाबाई, नाना आणि मनू भाड्याच्या गाडीनं गुहागरला गेले. अनिश गाडी परत मुंबईला नेऊन कंपनीत दाखवणार. निलेशनं व्हॅन वळवली. मी चढायला पाय उचलला आणि बघते तर आमचे हे अनिशच्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसताहेत.

"तुम्ही व्हॅनमधून या," अनिश तुटकपणे म्हणाला.

"नाय. मी हयच बसतंय," हे म्हणाले.

"मेस्त्री, कशाला तमाशा?"

"तुम्ही एकटे जाणार ह्या गाडीतून. मी टप लावलेली गाडी आहे."

अनिशनं खांदे उडवले. मला व्हॅनमध्ये बसायचं होतं, खोटं कशाला बोलू? पाय तिकडेच वळत होते. पण चौदा गाठींतली एकही ह्यांनी मारलेली नव्हती. मी मुकाट्यानं दुसऱ्या बाजूनं जाऊन बसले, मनूच्या खिडकीशी. सीटवर तिच्या बिस्किटाचा चुरा होता.

गाडी हमरस्त्याला लागली. डोक्यावर फाटका फोम लोंबत होता आणि त्याच्या कडेला ती काळी गुंडाळी, मोकळी, माझ्या कानाच्या वर. बाजूनं ट्रेलर, टँकर, मागून हॉर्न देत एसटी. प्रत्येक चाक माझ्या खिडकीएवढं. मी डोकं काचेपासून लांब धरून बसले, मान आखडली. पेणच्या पुढं एक डंपर इतका घासून गेला की मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खाली वाकले.

अनिश आरशातून बघत होता. "घाबरलात, काकू?"

"हो," मी म्हटलं.

"मनू सकाळपासून तिथंच बसली होती," तो म्हणाला. "काचेला डोकं टेकून झोपली होती अर्धा रस्ता."

मी मेस्त्रींचा हात शोधला. तो सीटवरून आधीच माझ्याकडे आलेला होता.